हातांची स्वच्छता मोजायची तर खाटेपाशी मोजावी

मी नागपुरातील एका खासगी रुग्णालयात संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम करते. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर आमच्या कर्मचाऱ्यांनी हात स्वच्छ केले की नाही, या एका प्रश्नाभोवती माझ्या कामाचा मोठा भाग फिरतो. या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडून मिळवून देऊ, असे सांगणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी अलीकडे आमच्याकडे वारंवार येतात. कोणी ओळखपत्राला लावायची चकती दाखवतो, कोणी प्रत्येक दाब मोजणारा हँडरबचा, म्हणजे हातांना चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रावाचा, डिस्पेन्सर दाखवतो, तर कोणी कॅमेऱ्यातील दृश्य पाहून हात धुतले की नाही हे ठरवणारी संगणकप्रणाली मांडतो. ही साधने उपयोगी आहेत असे मला मनापासून वाटते. परंतु त्यांतील बरीचशी साधने ज्या रुग्णालयांची रचना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली, ती रुग्णालये आपल्याकडच्या वॉर्डांसारखी नाहीत. हा फरक लक्षात न घेता पैसे खर्च केले, तर भिंतीवर टक्केवारी झळकते आणि रुग्णाच्या पदरात मात्र काही पडत नाही.

हात केव्हा स्वच्छ करायचे याविषयी आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी पाच क्षण सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, सलाइन लावणे किंवा कॅथेटर घालणे यांसारख्या निर्जंतुक कामापूर्वी, रक्ताशी किंवा शरीरातील अन्य द्रवांशी संपर्क येण्याची शक्यता असलेल्या कामानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. अल्कोहोलयुक्त हँडरबने हे काम २० ते ३० सेकंदांत होते, तर साबण आणि पाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात. हातांवर दिसण्याजोगी घाण असेल, किंवा क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसील या जिवाणूमुळे जुलाब होणारा रुग्ण हाताळला असेल, तर साबण-पाणीच हवे, कारण त्या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. एरवी बहुतेक वेळा हँडरब पुरतो.

या साध्या वाटणाऱ्या कामाचे मोल किती आहे, हे संघटनेच्याच २०२२ च्या अहवालातून दिसते. दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना, तर कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयात असताना किमान एक नवा संसर्ग जडतो, आणि असा संसर्ग झालेल्या दर १० रुग्णांपैकी सरासरी एक जण दगावतो. बालाघाटहून किंवा गडचिरोलीहून शेत गहाण ठेवून नागपूरला आलेल्या कुटुंबाला हा आकडा कोणी सांगत नाही. आयसीयूतला मुक्काम आठवड्याने लांबला आणि बिल दुप्पट झाले, एवढेच त्यांना कळते.

हातांची स्वच्छता मोजण्याची आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षण. प्रशिक्षित निरीक्षक साधारण २० मिनिटे वॉर्डात थांबतो, हात स्वच्छ करण्याची गरज किती वेळा निर्माण झाली आणि त्यांपैकी किती वेळा ते खरोखर स्वच्छ झाले याची नोंद करतो, आणि त्यावरून टक्केवारी काढली जाते. पाचही क्षण वेगवेगळे ओळखण्यासाठी प्रशिक्षित माणसाच्या नजरेइतके भरवशाचे साधन मला अजून दिसलेले नाही. मात्र ही नजर रात्री तीन वाजता वॉर्डात नसते, आणि जेव्हा असते तेव्हा ती सर्वांना दिसते. मी फाइल घेऊन आत शिरले की इन्चार्ज सिस्टरपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांचे हात बाटलीकडे जातात. कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच परिणाम यंत्राने मोजण्यात आला. निरीक्षक दिसत असताना डिस्पेन्सरचा वापर, तो दिसत नसतानाच्या तुलनेत सुमारे तिप्पट होता. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या गुणवत्ता निर्देशकांत हातांच्या स्वच्छतेचे अनुपालन, म्हणजे गरज असताना हात खरोखर स्वच्छ केल्याचे प्रमाण, येते, सरकारी रुग्णालयांच्या कायाकल्प योजनेतही संसर्ग नियंत्रणाला गुण आहेत, त्यामुळे आकडा प्रत्येकाला द्यावाच लागतो. तो आकडा केवळ निरीक्षणातून आलेला असेल, तर तो नेहमी वास्तवापेक्षा सुंदर असतो. म्हणून यंत्राची गरज खरी आहे, हे मी आधीच स्पष्ट करते.

आता यंत्र नेमके काय मोजते ते पाहू. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे डिस्पेन्सरमधील मोजणी-यंत्र. प्रत्येक दाबाबरोबर आकडा एकाने वाढतो आणि वेळेची नोंद होते. कोणी दाबले हे त्याला ठाऊक नसते. दुसऱ्या प्रकारात कर्मचाऱ्याच्या अंगावर चकती असते. ती रेडिओ लहरी, ब्लूटूथ किंवा अवरक्त किरणांद्वारे खोलीच्या दारावरील आणि डिस्पेन्सरमधील संवेदकांशी बोलते. सिस्टर खोलीत गेल्या, ठरलेल्या सेकंदांत त्यांनी डिस्पेन्सर वापरला, म्हणजे अनुपालन झाले. बाहेर येताना पुन्हा वापरला, म्हणजे दुसऱ्यांदा झाले. तिसरा प्रकार कॅमेऱ्याचा.

चकतीची ही सारी मांडणी एका गृहीतावर उभी आहे, की एका खोलीत एक रुग्ण असतो आणि खोलीला दार असते. दाराच्या आत येणे म्हणजे रुग्णाजवळ येणे. पाश्चात्त्य देशांतील स्वतंत्र खोल्यांच्या रुग्णालयांत हे गृहीत बऱ्याच अंशी लागू पडते. आपल्या जनरल वॉर्डात मात्र दार एक आणि खाटा वीस-तीस असतात. मेडिकल किंवा मेयोसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत गेलेल्या प्रत्येक नागपूरकराने खाटांच्या या रांगा पाहिलेल्या आहेत, आणि खासगी रुग्णालयांतील जनरल वॉर्डही आकाराने लहान असला तरी रचनेने तसाच असतो. सकाळच्या औषधांच्या फेरीत सिस्टर दारातून एकदाच आत येतात आणि सगळ्या खाटा करून एकदाच बाहेर पडतात. दारावरच्या संवेदकाच्या दृष्टीने त्यांनी दोन वेळा हात स्वच्छ केले की काम पूर्ण झाले. प्रत्यक्षात सातव्या खाटेवरच्या जखमेतला जिवाणू आठव्या खाटेवरच्या मधुमेही रुग्णाच्या सलाइनपर्यंत जातो तो याच दोन नोंदींच्या मधल्या काळात, आणि तो काळ यंत्राला दिसतच नाही. शंभर टक्के अनुपालनाचा अहवाल आणि वॉर्डभर पसरलेला संसर्ग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

त्यातही दुसरा आणि तिसरा क्षण, म्हणजे निर्जंतुक कामापूर्वीचा आणि द्रवांशी संपर्क आल्यानंतरचा, दारावरच्या मोजणीत कोठेच येत नाहीत. कॅथेटर हाताळण्यापूर्वीची स्वच्छता ही रुग्णाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच निसटते.

याहून मोठी गोष्ट नातेवाइकांची. आपल्याकडे रुग्णाला भरवणे, कूस बदलून देणे, अंग पुसणे, मूत्राची पिशवी रिकामी करण्यासाठी मावशींना हाक मारणे आणि मावशी व्यग्र असतील तर ती स्वतःच रिकामी करणे, ही सारी कामे रुग्णाची बायको, मुलगा किंवा सून करते. या हातांना कोणी चकती देत नाही. आमच्याकडे चकत्यांची चाचणी सुरू झाली तेव्हा त्या फक्त परिचारिकांना दिल्या होत्या, आणि वॉर्डातील एका मावशींनी मला सरळ विचारले, “सिस्टर, बेडपॅन तर मीच उचलतो, मग मले काहून नाही मोजत?” त्या प्रश्नाला विक्रेत्याकडे उत्तर नव्हते. माझ्या मते त्या एका वाक्यात साऱ्या व्यवस्थेची तपासणी झाली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडे मोजणीचे एकक खोली नसून खाट असली पाहिजे. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी, किंवा फार तर दोन खाटांच्या मध्ये एक, अशी हँडरबची बाटली हवी, आणि त्या बाटलीला साधे मोजणी-यंत्र हवे. डॉक्टर, सिस्टर, मावशी, फिजिओथेरपिस्ट, नातेवाईक यांपैकी कोणीही दाबले तरी त्याची नोंद व्हावी. आकडा माणसाचा नसावा, खाटेचा असावा. आठव्या खाटेवर दिवसभरात बाटली किती वेळा दाबली गेली, हा प्रश्न त्या खाटेवरच्या रुग्णाच्या बाजूने विचारलेला आहे.

बाटली खाटेपाशी आणणे हीच मुळात अर्धी लढाई आहे, याला भक्कम पुरावा आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ या काळात खाटेजवळ हँडरब ठेवणे, भित्तिपत्रके लावणे आणि निरीक्षणाचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना परत सांगणे अशी मोहीम राबवली. हातांच्या स्वच्छतेचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयातील संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. त्यात चकती नव्हती, कॅमेरा नव्हता. बेसिनपर्यंत चालत जाण्याचा वेळ वाचला, हे त्या मोहिमेचे फार मोठे बळ होते.

कॅमेऱ्याबाबतही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्कजवळच्या नॉर्थ शोअर युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या आयसीयूत बेसिन आणि डिस्पेन्सर यांच्यावर रोखलेले कॅमेरे बसवले गेले आणि त्यांतील दृश्ये दूरवर बसलेले निरीक्षक पाहत होते. त्या वेळच्या वृत्तांनुसार हे काम भारतात बसलेली माणसे करत होती. म्हणजे अमेरिकेतील रुग्णांसाठी आपल्या देशातील तरुण मुलामुलींची नजर वापरली जात होती, आणि तीच नजर आपल्या वॉर्डांना मात्र क्वचितच मिळते, याची मला खंत वाटते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष नीट वाचावा असा आहे. कॅमेरे सुरू होते, पण आकडे कर्मचाऱ्यांना दाखवले जात नव्हते, तोपर्यंत अनुपालन १० टक्क्यांहूनही कमी होते. विभागातील फलकांवर आकडे तत्काळ दिसू लागल्यावर ते ८० टक्क्यांच्या वर गेले आणि पुढेही तसेच टिकले. माणसे बदलली ती पाहिले गेल्यामुळे नव्हे, तर पाहिलेले त्यांना लगेच आणि सामूहिकपणे परत मिळाल्यामुळे, असा मी त्याचा अर्थ लावते. आपल्या जनरल वॉर्डात कॅमेरे लावण्याबाबत मात्र मी साशंक आहे. तेथे पडद्याआड ड्रेसिंग होते, बेडपॅन दिला जातो, स्त्रिया बाळांना अंगावर पाजतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, पण कायदा नसता तरी रुग्णाच्या संमतीचा प्रश्न राहिलाच असता.

व्यक्तिगत पाळतीचा दुसरा धोका कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकेतील ४२ रुग्णालयांतील चकत्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. चकत्या आल्यावर अनुपालन सुरुवातीला वाढले, काही काळाने हळूहळू घसरू लागले, आणि ज्या ठिकाणी मोजणी बंद करण्यात आली तेथे ते मुळात होते त्याच्याही खाली गेले. सवय लागण्याऐवजी, मोजणारा आहे म्हणून करायचे, अशी भावना रुजली असावी. आमच्याकडच्या चाचणीत मी याची सुरुवात जवळून पाहिली. व्यवस्थापनाने परिचारिकांच्या नावांसह क्रमवारी सूचना फलकावर लावली. यादीत तळाशी आलेल्या सिस्टर रात्रपाळीत एकट्याने सर्वाधिक गंभीर रुग्ण सांभाळत होत्या. थोड्याच दिवसांत काही जणी जाता-येता उगाच डिस्पेन्सर दाबू लागल्या, तर काहींच्या चकत्या खिशातून बाहेरच येईनात. सल्लागार डॉक्टरांना चकत्या दिल्याच नव्हत्या, ही गोष्ट सर्वांच्या मनाला लागली होती. यादी काढून टाकावी असा आग्रह मी धरला, आणि ती काढल्यावरच वॉर्डात या विषयावर मोकळेपणाने बोलणे पुन्हा सुरू झाले.

थकव्याबद्दलही यंत्रांनीच आपल्याला डोळस केले आहे. ३५ रुग्णालयांतील अशाच नोंदींवर आधारलेल्या २०१५ च्या एका अभ्यासात १२ तासांच्या पाळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत अनुपालन सरासरी ८.७ टक्के गुणांनी घसरलेले आढळले, आणि दोन पाळ्यांमधील विश्रांती जास्त मिळाली की ते सुधारत होते. आळशीपणाचा ठपका ठेवण्याआधी ड्युटीचा तक्ता पाहावा, हे सांगायला मला आता आकड्यांचा आधार आहे, आणि तंत्रज्ञानाचा हा उपयोग मला सर्वांत न्याय्य वाटतो.

नागपूरचा उन्हाळा हा या विषयातला स्वतंत्र अध्याय आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गच्चीवरच्या टाकीतील पाणी दुपारी इतके तापते की नळाखाली हात धरवत नाही. दुपारच्या पाळीत साबणाने हात धुण्याचे प्रमाण घसरते त्याचे हे सरळ कारण आहे, आणि कोणतेही सॉफ्टवेअर ते ओळखत नाही. टाकीला सावली करणे आणि नळजोडणीला उष्णतारोधक आवरण घालणे हा यावरचा उपाय आहे. हँडरबचाही प्रश्न याच हवेशी जोडलेला आहे. कोरड्या हवेत, त्यात कूलरचा झोत असेल तर, अर्धा दाब घेतलेला हँडरब हात नीट चोळून होण्याआधीच उडून जातो. हात २० सेकंद ओले राहतील एवढा तो घ्यायला हवा, आणि मोजणी-यंत्राला अर्ध्या दाबाचीही पूर्ण नोंदच दिसते. शिवाय ८० टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणाचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो बिंदू, सुमारे १७ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे त्याचे डबे तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये साठवणे धोक्याचे आहे. वारंवार वापराने हात कोरडे पडून भेगाळतात, म्हणून ग्लिसरीन असलेला हँडरब घ्यावा आणि खरेदी विभागाने केवळ दर पाहून ब्रँड बदलू नये. भेगाळलेल्या हातांची सिस्टर बाटली टाळते, आणि तिला दोष देता येत नाही.

ज्या लहान रुग्णालयांना कोणतेही यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठीही मोजणीचा मार्ग आहे. महिन्याभरात वॉर्डात किती हँडरब संपला आणि किती रुग्ण-दिवस भरले (एक रुग्ण एक दिवस दाखल असला की एक रुग्ण-दिवस), एवढ्या दोन आकड्यांवर वापर कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यांकन चौकटीत दर १००० रुग्ण-दिवसांना किमान २० लिटर हा निकष आहे. म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला २० मिलिलिटर. एका वेळी ३ मिलिलिटर धरले तर जेमतेम सहा-सात वेळा. आयसीयूत एका रुग्णाला तासाभरात किती वेळा हात लागतात हे पाहिलेल्या कोणालाही हा निकष किती खालचा आहे हे उमगेल, आणि तरीही तो गाठता येत नसेल तर आधी बाटल्या वाढवाव्यात, यंत्राचा विचार नंतर करावा.

प्रशिक्षणातील तंत्रज्ञानाविषयी थोडेच लिहिते, कारण तेथे वाद नाही. अतिनील प्रकाशात चमकणारे द्रव्य हातांना चोळून पेटीत हात घातले की कोठे द्रव्य पोहोचले नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. अंगठा, बोटांची टोके आणि हाताची मागची बाजू बहुतेकांची सुटते. हातमोजे घातले की हात स्वच्छ करण्याची गरज नाही, हा गैरसमज दूर करायलाही ही पेटी कामी येते. स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि ज्येष्ठ शल्यचिकित्सकही तिच्यासमोर कुतूहलाने हात पुढे करतात.

चकत्यांची चाचणी संपल्यानंतर आमच्या शस्त्रक्रिया वॉर्डात आम्ही खाटांपाशी मोजणी-यंत्रे बसवून घेतली आहेत. आकडा पाळीनिहाय आणि वॉर्डाचा मिळून लिहिला जातो. कोणाचेही नाव त्यात नसते. तो नर्सिंग स्टेशनच्या पांढऱ्या फळ्यावर इन्चार्ज सिस्टर स्वतः लिहितात, आणि राउंडला येणारे डॉक्टर तो वाचतात. बॅटऱ्या संपतात, जाड भिंतींमुळे वायफाय पोहोचत नाही, तेव्हा यंत्रावरचा आकडा वाचून हाताने वहीत उतरवावा लागतो. त्यामुळे नवे साधन घेताना मी विक्रेत्याला आता मोजकेच विचारते: वायफाय नसताना नोंद टिकते का, बॅटरी बदलायला तुमचा माणूस नागपुरात आहे का, रुग्णालयाने करार संपवला तर आकडे आमच्याकडे राहतील का, आणि नातेवाइकाने दाबलेले मोजले जाते का.

या मोजणीने माझा जो वेळ वाचतो तो मी आता पाचांपैकी दुसऱ्या, म्हणजे निर्जंतुक कामापूर्वीच्या क्षणासाठी राखून ठेवला आहे, कारण हा क्षण कोणत्याही बाटलीवरच्या यंत्राला कळत नाही. डायलिसिस विभागापासून सुरुवात केली आहे. तेथे रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतात, आणि प्रत्येक खेपेला रक्तवाहिनीशी नळी जोडताना व काढताना संसर्गाची वाट उघडी होते. मी फाइल न उघडता तंत्रज्ञांच्या शेजारी उभी राहते आणि नळी जोडण्याच्या आधीचा तेवढाच भाग पाहते. हातमोजे घालण्यापूर्वी हँडरब घेतला का, आणि घेतल्यानंतर यंत्राचे बटण किंवा खिशातला मोबाइल हाताला लागला का, एवढ्याच दोन नोंदी मी करते, आणि त्या पाळी संपायच्या आत विभागाला सांगते.